औंध संस्थानातील कारखाने व ब्रिटिश जकात धोरण

आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी (१९१०) आणि साताऱ्यातील कराडजवळची ओगलेवाडी (१९१६) या उद्योगवसाहती औंध संस्थानच्या आश्रयाने उभ्या राहिल्या. संस्थानिक जमीन देऊ शकत होता. बंदरावरील जकात त्याच्या हाती नव्हती. ओगलेवाडीच्या भट्टीवरील कारागिरांचा रोजगार मात्र तीवरही अवलंबून होता. पहिल्या महायुद्धात युरोपीय काचमालाची आवक रोडावली, युद्धानंतर तो परतला. १९३२ मध्ये टॅरिफ बोर्डाने काचउद्योगास संरक्षणाची शिफारस केली. सोडा अ‍ॅश हा कच्चा माल देशात उपलब्ध नाही, या कारणास्तव सरकारने ती १९३५ मध्ये फेटाळली. लँकेशायरमध्ये तरी कापूस कोठे पिकत होता? आयात सोडा अ‍ॅशवरील जकातीत तेवढी सूट मिळाली.