विलेपार्ले : वर्गणीतून उभे राहिलेले उपनगर

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ आणि अंधेरी यांच्यामध्ये विलेपार्ले येते. कागदोपत्री नाव काहीही असो, तिथला माणूस ‘पार्ले’ एवढेच म्हणतो आणि स्वतःला ‘पार्लेकर’ म्हणवतो. रुळांमुळे या वस्तीचे दोन भाग झाले आहेत. पूर्वेला बाजार, मराठी शाळा, नाट्यगृह आणि विमानतळ, तर पश्चिमेला इर्ला, महाविद्यालये आणि पुढे जुहूचा किनारा. नावाची फोड दोन-तीन तऱ्हांनी केली जाते. कोणी ते इर्ले आणि पाडले या दोन खेड्यांशी जोडतात, तर कोणी विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या देवस्थानांशी. इर्ला हे नाव आजही चालते आणि पार्लेश्वराचे मंदिरही आहे; त्यामुळे दोन्ही बाजूंना आपापला पुरावा हाताशी असतो.

हा सगळा मुलूख साष्टी बेटातला. १५३४ च्या तहाने तो पोर्तुगिजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. भातखाचरे, वाड्या, विहिरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणे असे त्याचे स्वरूप बराच काळ टिकले. गावठाणाच्या गल्ल्यांत आजही क्रूस उभे दिसतात. उपनगराच्या इतिहासात या मूळ रहिवाशांचा उल्लेख सहसा प्रस्तावनेपुरता येतो आणि नंतर ते दिसेनासे होतात.

बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विरारहून मुंबईकडे जाणारी पहिली लोकल १८६७ मध्ये धावली. तेव्हाच्या थांब्यांत वांद्रे आणि अंधेरी होते, पार्ले नव्हते. गाडी न थांबणारे गाव उपनगर होत नाही. पार्ल्याला स्थानक मिळाले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तोवर शहरात एक मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या चाळींची धास्ती मध्यमवर्गाच्या मनात बसली होती. गिरगाव-ठाकूरद्वारकडच्या दोन खोल्यांच्या भाड्यात उपनगरात अंगण, विहीर आणि मोकळी हवा मिळत असेल, तर रोजचा रेल्वेचा पास परवडत होता. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली पार्ल्यासाठीही योजना आखल्या गेल्या. शेतांच्या वेड्यावाकड्या बांधांवरून सरळ रस्ते आखायचे आणि जमीन नव्याने भूखंडांत वाटून मालकांना परत द्यायची, अशी ही पद्धत. पार्ल्यातल्या जुन्या इमारतींच्या कागदपत्रांत ‘टी.पी.एस.’ (नगररचना योजना) आणि ‘फायनल प्लॉट’ (नव्याने वाटलेला भूखंड) हे शब्द आजही भेटतात. सोसायटीच्या सचिवाला ते तोंडपाठ असतात, अर्थ मात्र क्वचितच कोणी विचारतो. जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि हापिसाची वेळ गाठणे सोपे झाले.

सरकारने जागा आखून दिली, पण शाळा, वाचनालय, सभागृह यांची सोय रहिवाशांनाच पाहावी लागली. पार्ल्याचा खरा स्वभाव घडला तो इथे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांचे स्मारक पुतळ्यापुरते न ठेवता पार्लेकरांनी १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू केले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. एकाने मुले घ्यायची, दुसऱ्याने मोठी माणसे: ग्रंथसंग्रहालय, व्याख्याने, गणेशोत्सव, व्यायाम. नोकरदार आणि निवृत्त माणसांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि फुकट दिलेल्या वेळेवर हा संसार चालला. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा कार्यकर्ता हा पार्ल्याच्या जडणघडणीत अभियंत्याइतकाच महत्त्वाचा माणूस मानायला हवा. या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. वर्गणी देणारा, भाषण ऐकणारा आणि कार्यकारिणीवर निवडून येणारा हा बहुतेक एकाच थरातला, शिकलेला, पांढरपेशा, मुख्यतः उच्चवर्णीय मराठी माणूस असे. पार्ल्याची शिस्त आणि पार्ल्याचा थोडासा आढ्यतेखोरपणा ही एकाच झाडाची फळे आहेत.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याचे नाव देशभर पोचले. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. किशोरलाल मशरूवाला हेही तिच्या प्रमुखांत होते. समुद्र जवळ, रेल्वे जवळ आणि आसपास सहानुभूती असलेली वस्ती, अशी ही मोक्याची जागा होती. बजाज आणि मशरूवाला दोघांनाही लवकरच अटक झाली.

त्याच्या वर्षभर आधी, १९२९ मध्ये, स्थानकाच्या उत्तरेला रेल्वे फाटकालगत मोहनलाल दयाळ चौहान यांच्या कुटुंबाने गोळ्या-चॉकलेटांचा छोटा कारखाना काढला होता. गावाचेच नाव कंपनीला दिले. दहा वर्षांनी तिथे ग्लुकोज बिस्किटे होऊ लागली. ‘पार्ले ग्लुको’ आणि नंतर ‘पार्ले-जी’ या नावांनी ती देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली. परिणामी ज्यांनी मुंबई कधी पाहिली नाही, त्यांच्याही घरात चहाच्या कपाशेजारी या उपनगराचे नाव आले. पार्ले सोडून गाडी अंधेरीकडे निघाली की भाजत्या बिस्किटांचा गोडसर, दुधाळ वास डब्यात शिरे. रोजचा प्रवासी डोळे मिटून पेंगत असला, तरी स्टेशन कोणते गेले हे त्याला नाकाने कळे. २०१६ मध्ये हा कारखाना बंद झाला.

कारखान्याचे मालक गुजराती. पार्ले म्हणजे मराठी पार्ले ही समजूत निम्मीच खरी आहे, याची ही सगळ्यांत ठळक खूण. पश्चिमेला गुजराती समाजाने १९३४ मध्ये श्री विलेपार्ले केळवणी मंडळ स्थापन केले. मिठीबाई महाविद्यालय त्याचेच, १९६१ चे. पूर्वेला १९५९ मध्ये पार्ले महाविद्यालय निघाले, पुढे ते साठ्ये महाविद्यालय झाले. भाषा वेगळी, घडण तीच: मंडळ, देणगीदार, शाळा, मग कॉलेज. रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीने संस्था उभ्या राहिल्या आणि तरीही दोन्ही बाजूंनी एकमेकांविषयी बेताचेच कुतूहल दाखवले.

मराठी साहित्यात पार्ल्याला जे स्थान मिळाले, त्यात पु. ल. देशपांडे यांचा वाटा मोठा. जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेतून त्यांचे कुटुंब पार्ल्यात आले. ते पार्ले टिळकचे विद्यार्थी. लोकमान्य सेवा संघाच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. विजय तेंडुलकरही पार्ल्यातच राहत. घरबैठ्या मध्यमवर्गाला हसवत गोंजारणारा एक आणि त्याच वर्गाच्या घरातली हिंसा रंगमंचावर आणणारा दुसरा, हे दोघे एकाच उपनगराचे रहिवासी असावेत, हा योग मोठा बोलका आहे. ‘मॅजेस्टिक गप्पा’सारखा साहित्यिक गप्पांचा कार्यक्रम इथे रुजला, कारण संध्याकाळी खुर्ची धरून बसणारा श्रोता सेवा संघाने आधीच तयार करून ठेवला होता.

कायद्याच्या पुस्तकांत पार्ले वेगळ्याच कारणाने आहे. डिसेंबर १९८७ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने ही निवड रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याच निकालातले ‘हिंदुत्व’ या शब्दाविषयीचे विवेचन पुढे वादाचा विषय ठरले.

स्वातंत्र्यानंतर पार्ल्याचे रूप दोन गोष्टींनी बदलले. १९५० मध्ये महापालिकेची हद्द इथवर आली आणि पार्ले ‘मुंबईबाहेरचे’ राहिले नाही. कौलारू बंगल्यांच्या जागी दोन-तीन मजली इमारती आणि सहकारी सोसायट्या झाल्या. दुसरी गोष्ट विमानतळाची. दुसऱ्या महायुद्धात वाढलेली सांताक्रूझची धावपट्टी पार्ल्याच्या सीमेला भिडली आणि देशांतर्गत टर्मिनल तर पार्ल्यातच आले. विमान डोक्यावरून गेले की वक्ता वाक्य अर्धवट सोडतो, श्रोते थांबतात आणि घरघर विरल्यावर वाक्य पुढे चालू होते. यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. विमानांच्या उतरण्या-उडण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात, म्हणजे ‘फनेल झोन’मध्ये, इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. मुंबईत पुनर्विकासाचे गणित वाढीव मजले विकून जमते, आणि इथे मजलेच वाढत नाहीत. त्यामुळे पट्ट्याबाहेरच्या गल्ल्यांत मनोरे उठत असताना या पट्ट्यातल्या अनेक जुन्या इमारती, गळती गच्ची आणि टेकू दिलेल्या सज्ज्यांसह, तीन-चार मजल्यांवरच थांबल्या आहेत.