कमरेतून गेलेला घोडा

मुंबईत ट्राम प्रथम धावली ती घोड्यांच्या बळावर. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी ती सुरू झाली, तेव्हा स्टर्न्स आणि किट्रिज कंपनीच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे होते. १९०५ साली ही ट्राम बंद पडली. तिचे मार्ग आणि भाडे इतिहासात नोंदलेले सापडते. घोडा लंगडू लागला म्हणजे काय होई, हे विचारणे मात्र आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांनाच सुचायचे!

लंगडण्याची नेहमीची कारणे नालबंदालाही ठाऊक असतात. खिळा मांसाला लागला, खुरात खडा रुतला, कोवळ्या वयात ओझे पडले. पाय उचलून चाचपला की दुखरी जागा हाती लागते. परंतु एक लंगडणे असे होते की, त्याची जागाच सापडत नसे. तीन-चार वर्षांचे उमदे जनावर. चंदी नीट खाते, अंगात ताप नाही, पायाला सूज नाही. आणि एके दिवशी मागच्या खुरांची टोके जमिनीवर घासू लागतात, वळताना कंबर झोल खाते. पुढे उभे राहणेही कठीण. उत्तरेकडे या दुखण्याला ‘कुमरी’ म्हणत. नाव कमरेवरूनच पडले. कोणी म्हणे वारा गेला, कोणी कमरेवर तापल्या लोखंडाचे डाग देई, आणि कोणी सरळ चाबूक उचली. ज्याच्या पायात काही दिसत नाही ते जनावर कामचुकार, हा निकाल सर्वांत स्वस्त. माणसांच्या बाबतीतही तो आम्ही पुष्कळदा ऐकला आहे.

खरे कारण १९५० च्या सुमारास उलगडले, आणि त्याचे मूळ घोड्यात नव्हतेच. गाईम्हशींच्या पोटाच्या पोकळीत सुतासारखा एक पांढरा जंत राहतो. सेटारिया डिजिटाटा हे त्याचे शास्त्रीय नाव. गुरांना त्याचा फारसा उपद्रव नाही. त्याची सूक्ष्म पिले रक्तात फिरतात, डासाच्या पोटात जातात, तेथे वाढतात आणि त्याच डासाच्या दंशाने घोड्याच्या अंगात उतरतात. घोडा हे त्यांचे घर नव्हे. वाट चुकलेली अळी भटकत मज्जारज्जूत शिरते आणि जाईल तेथे नासधूस करते. जपानी संशोधकांनी शेळ्यामेंढ्यांच्या व घोड्यांच्या मज्जारज्जूत ती दाखवून दिली. कधी ती डोळ्यात उतरते, तेव्हा पाण्यात वळवळताना नुसत्या नजरेला दिसते.

आता आपली जुनी उपनगरे डोळ्यांपुढे आणा. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आली. स्टेशनाबाहेर टांगा, वस्तीत म्हशींचे गोठे, मधे भातखाचरे आणि डबकी. शहरातल्या म्हशी हलवण्यासाठी १९४९ साली आरे कॉलनी झाली, तीही येथेच. गोठ्याला लागून घोडा बांधणे ही गरिबाची सोय; गवत एक, पाणी एक. जंत, डास आणि घोडा यांची गाठ पडायला आणखी काय हवे?

औषध निघाले होते. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली अमेरिकेत १९४७ साली हेट्राझान तयार झाले, ते माणसाच्या हत्तीरोगावर. पुढे ते या घोड्यांनाही देऊ लागले. पण ते आरंभीच द्यावे लागते. अळी मारता येते, तिने तोडलेला तंतू जुळवता येत नाही. म्हणजे डाग देण्यात आणि चाबूक मारण्यात जे दिवस जात, तेच नेमके उपचाराचे दिवस. परळला जनावरांचे इस्पितळ १८८३ पासून होते, १८८६ पासून पशुवैद्यकाचे कॉलेजही होते. पण कमरेतून गेलेला घोडा मुलुंडहून परळपर्यंत चालवायचा कसा? आणि त्या दिवशी टांगेवाल्याच्या घरी चूल कशावर पेटायची? घोड्याला रजा नव्हती, कारण मालकालाच ती नव्हती.

२०१५ साली उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. तरी वरातीची घोडी अजून दिसते. तिच्या मागच्या खुरांची टोके झिजलेली दिसली, तर मालकाला बाजूला घेऊन विचारावे, ती रात्री कोठे बांधतोस?