परवलीचा शब्द ठाऊक असताना

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. पहारेकऱ्याने तो विचारायचा, बरोबर सांगितला की वाट सोडायची. पीडीएफच्या कुलपाची कथा मात्र एवढी सरळ नाही.

जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या ॲडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ आणले. एका संगणकावर मांडलेले पान दुसऱ्यावर जसेच्या तसे दिसावे, हा हेतू. दुसऱ्याच वर्षी त्याला कुलूप आले, आणि कुलपाला दोन किल्ल्या. एक वाचकाची, तिच्याशिवाय मजकूर उघडतच नाही. दुसरी मालकाची, मजकूर दिसतो, पण छापू नका, उतरवून घेऊ नका, बदलू नका, अशी बंधने तिने घालता येतात. पहिले खरे कुलूप, दुसरी नुसती दारावरची पाटी. कारण मजकूर पडद्यावर दाखवायचा तर तो आधी उलगडावाच लागतो. मग पाटी पाळायची की नाही, हे वाचून दाखवणारा प्रोग्राम ठरवतो. तसे ते खरे कुलूपही सुरुवातीला कच्चेच होते. बळकट गुप्तलेखन देशाबाहेर पाठवायला तेव्हा अमेरिकी सरकारची मनाई होती, म्हणून किल्ली ४० बिटांची. शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. आकडा आपल्याला प्रचंड वाटतो, संगणकाला नाही.

पीडीएफच्याच ई-पुस्तकांवरील अशा बंधनांपायी एक माणूस तुरुंगात गेला. मॉस्कोचा दिमित्री स्क्ल्यारोव. तो ज्या एल्कमसॉफ्ट कंपनीत काम करी, तिचा एक प्रोग्राम रीतसर विकत घेतलेल्या ई-पुस्तकाची बंधने काढून साधी पीडीएफ करून देई. रशियात त्यात काही गैर नव्हते. जुलै २००१ मध्ये लास वेगासला या विषयावर व्याख्यान देऊन तो परत निघाला आणि १६ तारखेला अमेरिकेच्या १९९८ च्या कॉपीराइट कायद्याखाली पकडला गेला. तक्रार ॲडोबीची होती. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आठवड्याभरात कंपनीने अंग काढून घेतले, सरकारने नाही. ६ ऑगस्टला जामीन मिळाला, डिसेंबरात घरी जाता आले. पुढे १७ डिसेंबर २००२ रोजी सॅन होजेच्या ज्यूरीने एल्कमसॉफ्टला निर्दोष ठरवले. ज्यूरीने योग्यच केले, असे मला वाटते.

त्याच सुमारास ॲडोबीच्या वाचकात 'ॲलिस इन वंडरलँड'ची एक प्रत होती. पुस्तक १८६५ चे, कुणाच्याच मालकीचे न उरलेले. तरी अटींत लिहिलेले, हे पुस्तक मोठ्याने वाचता येणार नाही! अट यंत्राच्या आवाजापुरती आहे, असा खुलासा झाला. पण अंध वाचकाला पुस्तक ऐकवणारा आवाज तोच असतो. रेडिओवर बोलायला बसलेल्या माणसाला ही अट विसरता येत नाही.

आज हे कुलूप आपल्या घरात आहे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार रोमन मोठी अक्षरे आणि जन्मसाल. आता आमच्यातला 'शेख' रोमनमध्ये कुणी 'ए' घालून लिहितो, कुणी 'ई'. कार्डावर कोणता आहे हे आठवल्याशिवाय म्हातारीला तिचेच आधार दिसत नाही. तिने दर वेळी का अडखळावे? शब्द ठाऊक आहे, कागद तिचा आहे. एकदा पासवर्ड घालून फाइल उघडावी, प्रिंटमध्ये जाऊन कागदाऐवजी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडावे. नवी प्रत बिनकुलपाची निघते. क्यूपीडीएफ हा फुकट मिळणारा प्रोग्रामही हे काम आपल्याच संगणकावर करतो. कुलूप काढून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार चढवू नये.

मूळ फाइल मात्र जपायची. तिच्यावरची डिजिटल सही नव्या प्रतीत ग्राह्य राहत नाही. आणि झेरॉक्सवाल्याला पाठवायची झाली तर कुलपासकटच पाठवावी, शब्द तोंडी सांगावा.