मुलकी दाखला आणि सुलतान बाजार

हैदराबादेतील सुलतान बाजाराचे हे नाव फार जुने नाही. मुसा नदीच्या उत्तरेस ब्रिटिश रेसिडेन्सी होती आणि तिच्या भोवतालच्या पेठांना रेसिडेन्सी बाजार म्हणत. तेथे इंग्रजांचा अंमल चाले. १९३३ साली या पेठा निजाम सरकारकडे परत आल्या व सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. तोवर वकील, शिक्षक आणि व्यापारी यांची या परिसरात दाट वस्ती झाली होती. आर्यसमाज येथे १८९२ पासून आहे. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही याच बाजारात आहे. सरकारी चाकरीचा दरवाजा ज्यांना अरुंद वाटत होता, अशांपैकी पुष्कळांनी याच परिसरात बिऱ्हाडे मांडली.

मराठी माणूस या राज्यात उपरा होता, असे मात्र कोणी समजू नये. राज्याच्या दोन मोठ्या दफ्तरांपैकी एक पिढ्यान्‌पिढ्या रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते. मराठवाड्याच्या गावोगावी कुलकर्णी मोडीतच हिशेब लिहीत. सालारजंग पहिले हे १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होते. त्यांनी दफ्तरदारांची सत्ता काढून घेतली, नवी खाती निर्माण केली आणि ती चालविण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. राज्यातील सुमारे एक चतुर्थांश प्रजेची मातृभाषा मराठी होती. पण कचेरीतील साध्या अर्जासाठीही तिला आता दुसऱ्याची लेखणी शोधावी लागे.

बाहेरून आलेल्यांविरुद्धची कुरकुर वाढत गेली आणि १९१९ साली मुलकी नियम पक्के झाले. जन्माने राज्याचा प्रजाजन, किंवा १५ वर्षे राज्यात राहून मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञेवर सांगणारा, तो मुलकी. चाकरीवर पहिला हक्क त्याचा. नियम मुळात अन्यायाचा नव्हता, असे माझे मत आहे. पण परभणीचा मुलगा जन्माने मुलकी असूनही उर्दूवाचून कचेरीबाहेरच राही. पुण्याहून आलेला मराठी शिक्षक तर भाषेनेही परका आणि नियमानेही गैरमुलकी! १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. वकिलीलाही उर्दू लागे, परंतु तेथे कोणाच्या मर्जीची गरज नसे. मराठवाड्यातून आलेले केशवराव कोरटकर वकिलीच्या बळावर मोठे झाले, पुढे न्यायाधीशही झाले. विवेकवर्धिनी या मराठी शाळेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. अशा शाळांमुळे मराठी मुलांना विद्या मिळाली आणि मराठी पदवीधरांना उपजीविका. या दुसऱ्या गोष्टीचा उल्लेख आपल्या गौरवग्रंथांत क्वचितच आढळतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि तराजू उलटला. आयुष्यभर उर्दूत टिपणे लिहिलेला कारकून इंग्रजीपुढे एकाएकी निरक्षर ठरला. त्याचे दुःख मराठी माणसाला सर्वांत आधी कळायला हवे होते. ते तसे कळले, असे मला म्हणवत नाही. मद्रासेकडून आणि अन्य प्रांतांतून अधिकारी आले, तसा मुलकीचा प्रश्न पुन्हा पेटला. सप्टेंबर १९५२ मध्ये सिटी कॉलेजजवळ विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन माणसे मेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. माझे काका बदली घेऊन औरंगाबादला गेले. वडील सुलतान बाजारातील भाड्याच्या दोन खोल्या सोडून हलले नाहीत. शाळेत उर्दू, नोकरीसाठी इंग्रजी आणि १९६६ च्या राजभाषा कायद्यानंतर चाळिशीच्या उंबरठ्यावर तेलुगू, अशा तीन भाषा त्यांना पोटासाठी शिकाव्या लागल्या. तेलुगूचे बाळबोध पुस्तक ते रात्री, आम्ही निजल्यावर काढीत, असे आई सांगे. बढतीच्या यादीत त्यांचे नाव त्यांच्याहून कनिष्ठ माणसांच्या खाली गेले, ते अखेरपर्यंत वर आले नाही.

मुलकी नियम १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले आणि लगेच १९७३ साली ते रद्द झाले. वडिलांनी दाखला तरीही फेकला नाही. शिधापत्रिका आणि आमच्या जन्मनोंदी यांच्याबरोबर तो पत्र्याच्या डब्यात राहिला. त्यांच्या पश्चात डबा उघडला, तेव्हा दाखल्याच्या घड्या विरून त्याचे चार तुकडे झाले होते. त्यांनी ते मागून कागद लावून जोडले होते.