भस्मक रोग

भस्मक रोग (अन्य नावे: अत्यग्नी, भस्म्या) ही आयुर्वेदात वर्णिलेली अतिक्षुधेची विकृती आहे. यात खाल्लेले अन्न जणू जळून भस्म होते व पुन्हा भूक लागते. नांदेड व लातूरसह महाराष्ट्रात अतोनात खाणाऱ्याला ‘भस्म्या झाला आहे’ असे म्हणतात. भस्मकाचे वर्णन असलेले ग्रंथ नांदेड व लातूर येथील आयुर्वेद महाविद्यालयांत अभ्यासले जातात.

आयुर्वेदातील वर्णन

जठराग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण व मंद असे चार प्रकार मानले जातात. सुश्रुतसंहितेनुसार तीक्ष्ण अग्नी वाढला की तो अत्यग्नी होतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात याची कारणमीमांसा आहे. कफ क्षीण झाल्यावर वायूच्या साहाय्याने कुपित झालेले पित्त अग्नीला बळ देते. असा अग्नी प्रथम अन्न व नंतर शरीरातील धातू पचवू लागतो. जेवल्यावर रुग्णाला बरे वाटते. अन्न जिरताच तो व्याकूळ होतो. तहान, धाप, दाह व मूर्च्छा हे उपद्रव सांगितले आहेत.

उपचारात गुरू, स्निग्ध, शीत व मधुर आहार, म्हशीचे दूध, तूप, खीर, दिवसा झोप आणि विरेचन यांचा समावेश होतो. आघाड्याच्या बियांची दुधातील खीर भूक शमवणारी मानली जाते.

चिनी वैद्यकातील दृष्टिकोन

पारंपरिक चिनी वैद्यकात अन्न लवकर जिरून वारंवार भूक लागणे हे प्रामुख्याने ‘जठराग्नी’शी मिळत्याजुळत्या ‘पोटातील अग्नी’चे लक्षण समजतात. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तहान, तोंडाची दुर्गंधी, हिरड्यांची सूज व मलावरोध ही त्याची सोबतची लक्षणे होत. पोटातील ‘यिन’ कमी झाल्यास भूक जाणवते, पण खावेसे वाटत नाही, असा वेगळा प्रकारही मानतात. दोन्ही परंपरांत कारण उष्णता हेच असले, तरी आयुर्वेद अग्नीला जड अन्न पुरवून शमवतो, तर चिनी वैद्य शीत औषधांनी व सूचिचिकित्सेने उष्णता काढण्यावर भर देतात.

आधुनिक वैद्यक

आधुनिक वैद्यकात अतिक्षुधा हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. मधुमेह, अवटू ग्रंथीचा अतिस्राव, रक्तातील साखर कमी होणे, स्टेरॉइड औषधे, काही मानसिक विकार व प्रेडर-विली हा जनुकीय विकार ही त्याची कारणे असू शकतात. मधुमेहात इन्सुलिनअभावी किंवा त्याच्या अपुऱ्या परिणामामुळे रक्तातील साखर पेशींना वापरता येत नाही. त्यामुळे खाऊनही भूक राहते.

दक्षता

भरपूर खाऊनही वजन घटणे, सतत तहान व वारंवार लघवी ही लक्षणे असल्यास रक्तातील साखर त्वरित तपासणे आवश्यक ठरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, विशेषतः मुलांमध्ये, इन्सुलिनला विलंब झाल्यास जीवाला धोका असतो. निदानापूर्वी भस्मक समजून खीर व गोड पदार्थ देत राहिल्यास साखर आणखी वाढते. त्यामुळे अशा रुग्णाची खादाड म्हणून थट्टा न करता त्याची तपासणी होणे महत्त्वाचे आहे.