नेवाळी : भिंतीपर्यंतचे तास

२०१७च्या पाऊणशे वर्षं आधी : दुसरं महायुद्ध. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या आणि मुंबईच्या पाठीशी विमानं उतरवायला जागा हवी झाली. कल्याणजवळ मलंगगडाच्या पायथ्याची, नेवाळीची सपाट भातजमीन इंग्रजांनी धावपट्टीसाठी ताब्यात घेतली, सोळाशेहून जास्त एकर. लढाई संपली की जमीन परत, हा शब्द गावकरी आजही सांगतात.

१९४५ नंतर : लढाई संपली. जवळच्याच कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. छावणीचं शहर झालं, पण धावपट्टीची जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. विमानं गेली तसे नांगर परत आले. बापाने केलं ते खाचर पोराने केलं. सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव नाही.

२२ जून २०१७च्या काही दिवस आधी : नौदलाने त्या जमिनीभोवती कुंपणभिंतीचं काम काढलं, तेही मृगात. राबावर बियाणं टाकायच्या दिवसांत बांधापाशी खोदकाम दिसलं तर शेतकरी घरात बसणार कसा? भिंतीआधी जुने कागद चावडीवर मांडायला हवे होते : कोणाची जमीन किती गेली, मोबदला कोणाला मिळाला, अट काय होती. एवढं झालं असतं तर पुढचा दिवस टळला असता, असं मला ठामपणे वाटतं.

गुरुवार, २२ जून, सकाळ : गावोगावची माणसं, बायाबापड्यांसह, रस्त्यावर उतरली. कल्याण-मलंगगड रस्ता अडला, बदलापूरकडची वाहतूक अडली. टायर पेटले.

पुढचे काही तास : पोलीस आले, दगड सुरू झाले. पोलिसांच्या गाड्या पेटवल्या गेल्या. पोलिसांनी छर्रे झाडले. छर्रा म्हणजे गोळी नव्हे, असं सांगणं सोपं आहे. तो अंगात घुसलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावंच लागतं. जखमी दोन्हीकडे होते. ज्या हवालदारांची डोकी फुटली त्यांनी काही ही जमीन घेतली नव्हती. गाड्या जाळण्याला माझ्याकडे समर्थन नाही.

त्यानंतर : मंत्रालयातून दिल्लीशी बोलणी करायचं ठरलं. ती त्या भिंतीआधी व्हायला हवी होती. इकडे दंगलीचे, खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे दाखल झाले आणि ऐन लावणीच्या तोंडावर गावांत धरपकड सुरू झाली.