तीस कोसांची अट

यशवंतराव होळकरांच्या पंजाब स्वारीचा विषय निघाला की 'रणजितसिंहांनी ऐनवेळी दगा दिला' असं सरसकट बोललं जातं. पण तारखा ओळीनं लावून पाहिल्या तर दोष एकट्या लाहोरच्या माथी मारता येत नाही.

१८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढत होते. असई, लासवारी, आडगाव अशा एकामागून एक लढाया झाल्या, पण होळकरांची फौज त्यांच्या मदतीला गेली नाही. याला कारणही होतं. १८०१ साली यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. त्यानंतर शिंद्यांशी उघड युद्धच झालं. एवढं वैर खलित्यांनी थोडंच मिटणार!

डिसेंबर १८०३ मध्ये भोसले आणि शिंदे दोघांनीही तह केले. यशवंतरावांचं युद्ध पेटलं ते १८०४ मध्ये, म्हणजे जोडीदार मैदानातून गेल्यावर. भरतपूरच्या जाटांनी मात्र खरी साथ दिली. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनरल लेकचे चार हल्ले त्यांनी परतवले. पण एप्रिलमध्ये त्यांनाही २० लाख रुपये कबूल करून तह करावा लागला. नोव्हेंबरात शिंद्यांनी कंपनीशी दुसरा तह केला.

आता आशा उरली पंजाबची. यशवंतराव अमृतसरला पोचले आणि पाठोपाठ लेक बियास नदीवर येऊन ठेपला. रणजितसिंह तेव्हा जेमतेम पंचविशीचे, त्यांचं राज्य अजून घडत होतं. त्यांचे सख्खे मामा, जिंदचे भागसिंह, लेकच्या छावणीत होते. होळकरांना फौज दिली असती तर लढाई पंजाबातच झाली असती. शेवटी रणजितसिंहांनी लढण्याऐवजी मध्यस्थी पत्करली.

२४ डिसेंबर १८०५ रोजी राजघाटचा तह झाला. चंबळेच्या उत्तरेचे हक्क गेले, पण बराचसा मुलूख होळकरांकडे परत आला. कंपनीलाही खर्चिक युद्ध आवरायचं होतं. १ जानेवारी १८०६ च्या लाहोर तहात रणजितसिंहांनी आणि फत्तेसिंह अहलुवालियांनी लिहून दिलं की, होळकरांची फौज अमृतसरपासून तीस कोस दूर हलवू आणि पुढे त्यांना कधी सैन्याची मदत देणार नाही.

म्हणजे १८०३ मध्ये होळकरांनी जो हिशेब केला, तोच दोन वर्षांनी रणजितसिंहांनी केला. दुसऱ्याचं युद्ध आपल्या दारात कशाला आणायचं? प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर होता. फायदा कंपनीचा झाला, तिला सगळ्यांशी एकेकटं लढता आलं.

१८०९ मध्ये रणजितसिंहांवरही कंपनीचा दाब आला. अमृतसरच्या तहानं सतलजच्या दक्षिणेकडच्या शीख संस्थानांवरचा हक्क त्यांना सोडावा लागला. यशवंतराव तेव्हा भानपुऱ्यात आजारी होते.